तिसरा वाफा

ठाकुर्लीच्या आमच्या क्वार्टरमागे जी जागा होती, तिला अंगण म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. पॉवर हाऊसची राख वर्षानुवर्षं पडून तिथली माती करडी झालेली. पाऊल ठेवलं की ती पायाला लागायची, पायाबरोबर घरात यायची आणि मग आई ओल्या फडक्यानं लादी पुसता पुसता आमच्या सगळ्यांच्या पायांचा उद्धार करायची. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत, पाण्याच्या पिंपावर झाकण हवंच, लोणच्याची बरणी खिडकीत ठेवायची नाही, हे नियम मला मुळाक्षरांच्या आधी आले. पॉवर हाऊसची घरघर अखंड चालायची. पाहुणे विचारायचे, तुम्हाला ह्या आवाजात झोप कशी लागते? आम्हाला उलट आवाज थांबला की जाग यायची. अप्पा तिथेच बॉयलरवर होते. कामावरून आले की पाटावर बसून आधी कानातली राख काढायचे आणि मग चहा मागायचे. आता तिथून जाताना मी मान वळवून बघतही नाही. बघण्यासारखं काही राहिलेलं नाही आणि जे होतं ते माझ्याजवळ आहे.

आई कोकणातली. घरात एवढीशी जरी जागा रिकामी दिसली तरी तिथे काहीतरी उगवायला पाहिजे, असं मानणाऱ्या बायकांपैकी ती होती. त्या राखेतसुद्धा मोरीच्या पाटाला लागून तिनं अळू लावलेला, आणि एक कढीपत्ता. बुधवार, शुक्रवार, रविवार मोठागावची कोळीण दारात टोपली उतरवायची. तिच्याशी आईचं अर्धा तास भांडण आणि अर्धा तास सुखदुःख चालायचं. बोयटं नाहीतर कोळंबी घेतली की आई मागच्या पायरीवर विळी घेऊन बसायची, आणि मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे तिच्या लेखी माज. ते पाणी कढीपत्त्याला. तांदळाचं धुवण अळवाला. आंबलेलं ताक उरलं तर तेही कढीपत्त्याला. तिरफळं घातलेल्या कालवणाचा वास संध्याकाळपर्यंत घरात राहायचा आणि मला कॉलेजात त्याची लाज वाटायची, हे आज लिहिताना लाज वाटते. दारात आलेला कुणी आईनं उपाशी पाठवला नाही. पोस्टमन, मीटर बघायला आलेला माणूस, शेजारणीचं भांडकुदळ मांजर, सगळ्यांना काही ना काही मिळायचं. माझ्याआधीचा तिचा पहिला मुलगा गावाला असताना, तिला अंगावरचं दूध येईना म्हणून, दोन महिन्यांत गेला होता. हे ती स्वतः कधी बोलली नाही. मला आत्येनं सांगितलेलं, तेही फार उशिरा.

मी एम.एस्सी.ला कीटकशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या लायनीत बराच करमणुकीचा विषय झाला. नलू काय शिकते, तर किडे. त्यात मी तोंडाची फटकळ, त्यामुळे कुणी सहानुभूती दाखवण्याचाही प्रश्न नव्हता. अप्पांनी मात्र शिकू दिलं, एका अटीवर. मार्चअखेर ते रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायची, डोंबिवलीत दोन खोल्या बघून ठेवलेल्या, तिकडे जायचं, आणि मग माझ्यासाठी स्थळं बघायची. क्वार्टर आहे तोवर शीक, असं ते म्हणाले. ह्याच्यातून सुटायचा एकच रस्ता होता आणि तो आमच्या सरांच्या हातात होता. दक्षिणेतल्या एका रेशीम संशोधन केंद्रात त्यांचे जुने स्नेही होते. तिथे दरवर्षी एखाद्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देऊन, राहायची सोय करून पुढच्या संशोधनाला घेत. तुझ्या प्रबंधात दम असेल तर मी पत्र लिहीन, असं सर म्हणाले होते. शिष्यवृत्ती आली असती तर अप्पा नाही म्हणू शकले नसते. ते पत्र मला हवं होतं. इतकं काही त्याआधी मला कधी हवंसं वाटलेलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

सरांनी दिलेला विषय ऐकायला साधा होता. पान हिरवंगार दिसलं म्हणजे ते चांगलं असतं का? ते माणसानं ठरवायचं नाही, म्हणाले, किड्याला विचारायचं. एरी जातीचे रेशीमकिडे एरंडाची पानं खातात, आणि एरंड रेल्वेच्या कडेला कुठेही उगवतो. तिकडे मोहन्याच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्याचं रेशीम करतात, आपण एरंडाचं करू, हा त्यांचा ठरलेला विनोद. मग अप्पांनी आणि मी मिळून मागच्या जागेत विटा लावून चार वाफे केले. राखेत तांबडी माती मिसळली आणि एरंडाचं बी टोकलं. पहिल्या वाफ्याला शेणखत. दुसऱ्याला युरिया, म्हणजे नुसतं नत्र, भरपूर. तिसऱ्याला काहीच नाही, नुसतं साधं पाणी. चौथ्याला पहिल्यासारखंच शेणखत, पण त्या झाडांना पुढे मुद्दाम तांबेरा रोग लावायचा. मग चारही वाफ्यांची पानं वेगवेगळ्या किड्यांना घालायची आणि कोणते किडे किती खातात, किती वाढतात, कोश कसा करतात ते मोजायचं. सरांनी मला चार-चारदा बजावलेलं, तिसरा वाफा सांभाळ. बाकीच्या तिघांची तुलना त्याच्याशीच व्हायची आहे. तो गेला तर तुझ्या हातात नुसते आकडे राहतील, त्यांना अर्थ राहणार नाही.

महिन्याभरात तिसरा वाफा वेगळा दिसायला लागला. बाकीच्या झाडांना हाताच्या पंजाएवढी पानं आली आणि ह्याची मात्र खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, देठ बारीक, शेंड्याला जीव नाही. मला बरं वाटत होतं, कारण तसंच व्हायला हवं होतं. आई मागच्या पायरीवर बसून मासे साफ करताना त्याच्याकडे बघायची. एक दिवस तिनं विचारलं, "अगं नलू, त्या तिसऱ्याला काही घालायचं राहिलं का?" मी वहीतून डोकं न काढता म्हटलं की त्याला तसंच उपाशी ठेवायचंय. का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुला नाही कळायचं ते."

पुढे चौतीस वर्षं मी आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवलं. दोन वाट्या घ्या, दोन्हीत मटकी घाला, एकीला पाणी द्या, एकीला देऊ नका, आणि मग सांगा की मोड पाण्यामुळे आले हे तुम्हाला कशावरून कळलं? पाच मिनिटं लागतात. ढ मुलगासुद्धा पाचव्या मिनिटाला मान हलवतो. मटकीला मोड काढण्यात जिचा जन्म गेला त्या बाईसाठी माझ्याकडे ती पाच मिनिटं नव्हती. मी शिकलेली होते ना.

पौषात किडे आले. सरांनी अंडी दिली ती खसखशीसारखी कागदाला चिकटलेली. आईनं तांदूळ पाखडायची चार सुपं काढून दिली, त्यांच्या कडेला मी तैलरंगानं आकडे घातले आणि आतल्या खोलीत अप्पांच्या खाटेखाली ती ओळीनं मांडली. अप्पा पंधरा-वीस दिवस बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपले आणि एका शब्दानं बोलले नाहीत. किडे लहान असताना काही ऐकू येत नाही. पण चौथी कात टाकून झाली की ते जे खायला लागतात, तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. शेजारच्या खोलीत कुणीतरी न थांबता जुनी वर्तमानपत्रं चुरगळतंय असं वाटायचं. आईला तो आवाज आवडायचा. भाकऱ्या भाजता भाजता मधेच आत येऊन ती सुपांशी उभी राहायची आणि खातायत बिचारे, असं समाधानानं म्हणून परत चुलीकडे जायची. दुसऱ्या सुपातले, युरियाची पानं खाणारे किडे सगळ्यांत आधी फुगले. मोठी लुसलुशीत पानं, पण आत नुसतं पाणी. आठ दिवस मी खूश होते. नवव्या दिवशी त्यांना हगवण लागली, मग ते काळे पडून मऊ झाले आणि सुपाच्या कडेवरून उलटे लोंबायला लागले. घरभर घाण वास. मी ते चिमट्यानं गोळा करून खड्ड्यात पुरले. आई दारात उभी राहून बघत होती. पोटभर खाऊन मेले, एवढंच तिनं म्हटलं आणि त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

तांबेऱ्यासाठी मी त्याआधीच विठ्ठलवाडीला जाऊन आलेले. तिथे रुळांच्या कडेच्या एरंडाच्या पानांखाली नारिंगी भुकटी धरलेली होती. ती पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, भुकटी पाण्यात कालवली आणि मऊ कुंचल्यानं चौथ्या वाफ्यातल्या चांगल्या पानांना खालून लावली. हे बघून आईनं कपाळावर हात मारला. धडधाकट पानांना रोग लावायचा, हे तिच्या आकलनाच्या पलीकडचं होतं, आणि ह्या वेळी तिनं विचारलंही नाही. पंधरा दिवसांत पानं खालून नारिंगी झाली. ती पानं चौथ्या सुपातल्या किड्यांनी डाग टाळून कडाकडानं कुरतडली. त्यांना लागायचं ते त्या पानातून बुरशीनं आधीच काढून घेतलेलं. किडे लहान राहिले, कोश करायला चार दिवस जास्त लागले आणि कोश झाले ते कांद्याच्या पापुद्र्यासारखे. हे सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. अपेक्षेप्रमाणे नव्हतं ते तिसऱ्या सुपात.

तिसऱ्या वाफ्याची झाडं मार्गशीर्षापासून सुधारत होती. आधी मला वाटलं, थंडीचं तसं होत असेल. मग पानं गडद हिरवी झाली, जाड, हाताला भरीव लागणारी. ती खाणारे किडे तर पहिल्या सुपातल्या, शेणखतावरच्या किड्यांनाही मागे टाकून गेले. एकही मेला नाही. कोश एवढे घट्ट की दाबले तरी चेपत नव्हते. मी तीन-तीनदा वजनं केली. मग माझ्या डोक्यात आलं की ही राखेची करामत असणार. पॉवर हाऊसच्या राखेत झाडाला लागणारं असं काहीतरी आहे, जे उपाशी झाडाला शोधायला लागतं, आणि म्हणून त्याचं पान खताच्या पानापेक्षा कसदार होतं. असं मी सहा पानं लिहून सरांना दिलं. सरांनी ती माझ्यासमोरच वाचली. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले की हे जर खरं असेल तर मी पत्र आजच लिहायला घेतो. मी कल्याणच्या कॉलेजातून ठाकुर्लीपर्यंत रुळांच्या कडेनं चालत आले. वाटेत माझ्या मनात मी बॅगसुद्धा भरून ठेवली. घरी आल्यावर आईच्या गळ्यात हात टाकून तिला म्हटलं, तुझ्या त्या तिसऱ्या वाफ्यानं माझं काम केलं बघ. ती एवढी हसली, एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आज मला कळतं की ती का हसली, पण तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच हसते आहे. तसं ते माझ्यासाठीच होतं म्हणा.

पुढच्या आठवड्यात तांबेरा पसरला. चौथ्या वाफ्यावरून तो दुसऱ्यावर गेला आणि तिसऱ्यावरही. पहिल्यावर थोडा. मी हे सरांना सहज, जाता जाता सांगितलं. सर पत्राचा कच्चा मजकूर पुढ्यात घेऊन बसलेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिसऱ्यावर? किती?" मी म्हटलं, भरपूर, युरियाच्या वाफ्याइतकाच. सर म्हणाले, तांबेऱ्याला पण पोट असतं. तो जिवंत पानातून खातो. नत्र नसलेल्या पानावर तो असा माजत नाही, त्याला तिथे काही मिळतच नाही. किड्यानं एक सांगितलं असतं तर मी मानलं असतं, पण बुरशीही तेच सांगते आहे की हे झाड उपाशी नाही. राखेत पालाश असेल, स्फुरद असेल, पण नत्र जळून जातं, ते राखेतून येणार नाही. उद्या तिसऱ्या वाफ्याची माती घेऊन ये, वीतभर खालची.

घरी येऊन मी खुरपं घेतलं. दुपारची वेळ, अप्पा कामावर, आई पुढच्या खोलीत गव्हातले खडे निवडत होती. वीतभर खणलं तर माती काळी, ओली, गांडुळांनी भरलेली. राखेच्या जागेत गांडूळ मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मग खुरप्यावर काहीतरी चमकलं. मी ते नखानं उचललं. खवला होता. बोयटाचा. अजून उकरलं तर खवलेच खवले, कोळंबीच्या सालांचे लाल तुकडे, कसला तरी बारीक काटा. मी तशीच मांडी घालून मातीत बसले. तीन महिन्यांचे बुधवार, शुक्रवार आणि रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. बुधवारी-शुक्रवारी मी कॉलेजात, आणि रविवारी वहीत डोकं खुपसून. आणि कढीपत्ता कधीपासून सुकल्यासारखा दिसत होता, ते मी रोज येताजाता पाहत होते.

मी बशीत खवले घेतले आणि आत जाऊन आईच्या पुढ्यातल्या परातीशेजारी बशी ठेवली. तिनं आधी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. लपवाछपवी तिला येतच नव्हती. ती म्हणाली, "तू सगळ्यांना घालायचीस आणि त्याच्यापुढनं रिकाम्या हातानं जायचीस. मला बघवेना गं. धुतलेलं पाणी तर होतं, वायाच जायचं." आणि मग, माझं तोंड बघून, जरा घाबरून तिनं विचारलं, "तुझं काही बिघडलं का?"

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आठवत नाही असं नाही, आठवतं. तुझ्या दयेनं माझं वाटोळं केलं, असं म्हणाले. तुझ्यासारखीच मी चुलीपुढे बसावं असं तुला वाटतं, असंही म्हणाले, आणि ते खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. आई गव्हाच्या परातीत हात ठेवून ऐकत होती. तिनं एकदाही मला गप्प बस म्हटलं नाही. शेवटी मी म्हटलं, "यापुढे मला विचारल्याशिवाय कशालाही पाणी घालायचं नाही. एक थेंब नाही." ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत दोन पुड्या होत्या. एक तिसऱ्या वाफ्याची. दुसरी कुंपणाजवळच्या करड्या राखमातीची, जिथे कुणी कधी काही घातलेलं नव्हतं. ती दिली असती तर सरांना त्यात नत्र सापडलं नसतं, राखेचं गूढ तसंच राहिलं असतं आणि पत्र गेलं असतं. मी सरांच्या टेबलावर खरी पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. शाळेत हा प्रसंग मी मुलांना प्रामाणिकपणाचा धडा म्हणून दोन-तीनदा सांगितला आहे. आज खरं लिहिते. मी प्रामाणिकपणानं सांगितलं नाही, रागानं सांगितलं. आईनं काय केलं ते कुणातरी मोठ्या माणसाच्या तोंडून चूक ठरवून घ्यायचं होतं मला. सरांनी मात्र तसं काही केलं नाही. ते पुडी हातात घेऊन वास घेत म्हणाले, उत्तम खत आहे. मग म्हणाले, तिसरा वाफा काढून टाकावा लागेल. आणि तो काढला तर बाकीच्यांची तुलना कशाशी करायची, ते तूच सांग. सगळं पुन्हा करायचं तर किती दिवस लागतील? मी म्हटलं, चार महिने. क्वार्टर किती दिवस आहे? मी म्हटलं, दीड महिना. सरांनी कच्चा मजकूर घडी करून खणात ठेवला. फाडला नाही, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

प्रबंध तीन वाफ्यांवर लिहिला, सेकंड क्लास मिळाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सामान टेम्पोत चढवताना मागची जागा बघायला मी गेले नाही. अप्पा गेले होते. परत येऊन म्हणाले की तिसऱ्यातले एरंड माणसापेक्षा उंच झालेत. आईचं ते पाणी घालणं त्यांना आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या आवाजावरून मला त्या क्षणी कळलं आणि मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. लग्न झालं. माणूस चांगला मिळाला, संसार वाईट झाला नाही, शाळेत नोकरी लागली. पण दक्षिणेतलं ते केंद्र मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. एकदा शाळेची सहल त्या गावावरून गेली, तेव्हा मी बसमध्ये डोळे मिटून बसून राहिले.

अप्पा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली ती शेवटपर्यंत. गॅलरीत डब्यात लावलेला एक कढीपत्ता होता. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती भांडं घेऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "नलू, घालू का गं पाणी?" मला वाटलं टोमणा मारते. ती उभीच. शेवटी मी घाल म्हटलं तेव्हा तिनं घातलं. तिसऱ्या दिवशी परत तेच. चौथ्या दिवशी परत. मासे तीच साफ करायची, पण ते पाणी मात्र ती सरळ मोरीत ओतायची. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की हा टोमणा नाही, राग नाही, काहीच नाही. तिला तसं सांगितलेलं होतं आणि ती तसं वागत होती. मी एकदा म्हटलं, अगं आई, झाड तुझंच आहे, घालत जा की, विचारतेस काय रोज? ती म्हणाली, "नको बाई. तुला विचारलेलं बरं. तुझं काहीतरी चालू असायचं." मला तेव्हा तिथेच खाली बसून तिचे पाय धरायला हवे होते. मी पेपर तपासत होते. मी बरं म्हटलं आणि पुढचा पेपर उचलला.

तिच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार. तांदळाचं धुवण पातेल्यात घेऊन ती भिंतीला धरत धरत गॅलरीत गेली आणि तिथून तिनं विचारलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी थांब जरा म्हणून आत गेले. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीचा फोन, कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या मुलीचं जमलं, तास गेला. बाहेर आले तर आई गॅलरीतल्या स्टुलावर बसलेली. ऊन तिच्या तोंडावर आलेलं, पण ती सरकली नव्हती. पातेलं मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं. धुवणाचा पांढरा साका तळाशी बसून वर स्वच्छ पाणी आलेलं.

मी म्हटलं, "आई, घाल गं."

तिनं पातेलं हलवून तळचा साका ढवळला आणि वाकून सगळं पाणी मुळाशी घातलं, एक थेंब बाहेर न सांडता. मग पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तुझं काही बिघडलं नाही ना?"